ढब्बूचें रिंगण

आषाढीची वारी आमच्या बाजूनें जाते तेव्हां घरांतील मुलांना दोन गोष्टी पाहावयाच्या असतात. एक काटेवाडीस तुकोबारायांच्या पालखीभोंवतीं होणारें मेंढ्यांचें रिंगण, आणि दुसरी बेलवाडीचें अश्वाचें गोल रिंगण. यंदा बेलवाडीहून परत येतांना आमच्या धाकट्या पुतणीनें गाडींत मोठ्या गंभीरपणें विचारलें, “काका, आपल्या ढब्बूला रिंगण कोणीं शिकविलें हो?” सगळे हांसले; परंतु उत्तर देण्याची वेळ आली तेव्हां आम्हां सुशिक्षित म्हणविणारांपैकीं एकासही तें धड देतां येईना. म्हणून चार पुस्तकें चाळलीं, पशुवैद्यांस विचारलें, आणि जें हातीं लागलें तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें. असें करण्यास आणखी एक कारण आहे. या रिंगणापायीं आमच्या घरांत एकदां निरपराध जिवावर काठी उगारली गेली, आणि एकदां तो जीव जातां जातां राहिला. दोन्ही वेळां दोष आमच्या अज्ञानाचाच होता.

ढब्बू हा इंग्लिश बुलडॉग जातीचा कुत्रा. पुण्यास नोकरीला असलेल्या आमच्या पुतण्यानें तो हौसेनें घेतला. पण नवराबायको दोघेंही दिवसभर कामावर, आणि कुत्रा बिचारा फ्लॅटच्या गॅलरींत रस्त्याकडे पाहत बसलेला. अखेर दिवाळीस येतांना पुतण्यानें त्याला बरोबर आणलें, आणि ‘चार दिवस राहूं द्या’ म्हणतां म्हणतां कायमचाच ठेवून दिला. आमचें घर बारामतीच्या जुन्या गांवांतलें, कऱ्हेच्या बाजूचें. मध्यें चौक, मागें परसूं, आणि तीन पिढ्यांचीं मिळून अकरा माणसें. आमच्या मातोश्रींचें, म्हणजे माईंचें, सोंवळें अजून चालूं आहे. त्यामुळें या पाहुण्याचें स्वागत कसें झालें असेल याची कल्पना वाचकभगिनींना सहज येईल. “देवघर आणि स्वयंपाकघर सोडून कुठेंही बसूं दे मेल्याला,” अशी त्यांची परवानगी मिळाली. ढब्बूची कांहीं तक्रार नव्हती. बुटका बांधा, रुंद छाती, सुरकुतलेलें तोंड, आणि दिवसाचा बहुतेक वेळ पडवींत घोरत पडणें असा त्याचा एकंदर संसार होता.

आणि माघांतल्या एका संध्याकाळीं तो प्रकार घडला. वहिनींनीं त्याला कोमट पाण्यानें न्हाऊं घातलें होतें. अंग पुसून सोडतात न सोडतात तोंच देवघरांत आरतीची झांज वाजली. ढब्बू दचकला. त्यानें पुढचे दोन्ही पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकले, पाठीमागचा भाग वर उचलला, आणि दुसऱ्याच क्षणीं गोफणींतून धोंडा सुटावा तसा तो सुटला! चौकाला तीन फेऱ्या, तुळशीवृंदावनाला वळसा, पडवींतून थेट स्वयंपाकघरांत, तेथून पुन्हां चौकांत. डोळे वटारलेले, कान मागें गेलेले, शेपटाकडचा भाग आंत ओढलेला. वाटेंत वलणीवरचें माईंचें सोंवळें त्याच्या डोक्यावर आलें. तेंही तसेंच घेऊन त्यानें आणखी दोन फेऱ्या मारल्या. माई ओरडल्या, “अग बाई, पिसाळला ग! मुलांना आंत घ्या आधीं!” दादांनीं दाराआडची काठी उचलली. तेवढ्यांत झोपाळ्यावरून अण्णांचा आवाज आला, “अरे, काठी खालीं ठेव. सरमेची गोष्ट विसरलास काय?” दादा थबकले. आणि काठी खालीं येईपर्यंत ढब्बू अण्णांच्या पायाशीं धपकन् बसून धापा टाकूं लागलाही होता! सगळा प्रकार फार तर दोन मिनिटांचा.

सरमेची गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांनीं लहानपणीं ऐकली असेल. महाभारताच्या आदिपर्वांत जनमेजयाच्या सत्राच्या ठिकाणीं देवशुनी सरमा हिचा मुलगा येतो, आणि जनमेजयाचे भाऊ त्याला झोडपून काढतात. तो रडत आईकडे जातो. ती विचारते, तूं हविर्भागाकडे पाहिलेंस काय, त्याला तोंड लावलेंस काय? तो सांगतो, नाहीं. मग सरमा स्वतः यज्ञमंडपांत येऊन राजाला विचारते, कीं माझ्या निरपराध लेंकराला तुम्हीं कां मारलेंत? त्या तेवढ्या मोठ्या सभेंत कोणालाही उत्तर देतां येत नाहीं. तेव्हां ती शाप देते, कीं ज्या अर्थीं तुम्हीं निरपराध्याला मारलेंत, त्या अर्थीं न दिसणारें भय तुमच्यावर येईल. भारताच्या प्रारंभीं हा मार खाणारा श्वान, आणि शेवटीं धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत जाणारा तो दुसरा श्वान. ज्या बारामतींत मोरोपंतांनीं आर्याभारत रचिलें, तेथील घरांत तरी हें विसरलें जाऊं नये, असें अण्णांचें म्हणणें.

पण अण्णांच्या कथेनें काठी खालीं आली, तरी कोडें सुटलें नाहीं. स्वस्थ पडलेल्या कुत्र्याच्या अंगांत एकाएकीं असें काय संचरतें?

इंग्रजी बोलणारे लोक याला लाडानें ‘झूमीज’ म्हणतात. प्राणिशास्त्रज्ञांनीं मात्र लांबलचक नांव ठेविलें आहे. त्याचा मराठींत अर्थ ‘बेभान व अनियमित हालचालीचा काळ’ असा करतां येईल. हा रोग नव्हे. सांठून राहिलेला उत्साह आणि मनावरचा ताण यांना वाट मिळाली म्हणजे हा प्रकार होतो. स्नान झाल्यावर, शौचाहून आल्यावर, फार वेळ बांधून किंवा कोंडून ठेवलेल्यास मोकळें सोडल्यावर, घरचें माणूस बऱ्याच वेळानें परत आल्यावर, आणि सकाळसंध्याकाळच्या थंड वेळीं तो विशेष दिसतो. लहान वयाच्या कुत्र्यांत अधिक, वय झालेल्यांत कमी. बहुधा एकदोन मिनिटांत, फार तर पांच मिनिटांत, आपोआप ओसरतो. मांजरें, घोडे, नुकतीं जन्मलेलीं करडें यांतही असेंच बागडणें दिसतें; गोठ्यांतलें वासरूं शेंपूट उभारून धांवतें तेव्हां आपण त्याला वेडें ठरवीत नाहीं.

चार्लस् डार्विन यानें १८७२ सालीं माणसांच्या व प्राण्यांच्या भावदर्शनावर जो ग्रंथ लिहिला, त्यांत याच धांवण्याचें मोठें मार्मिक वर्णन आहे. कुत्रा धन्याभोंवतीं वर्तुळांत व इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणें धांवतो, पाठीमागचा भाग आंत ओढून घेतो, जणूं दुसरा कुत्रा त्याचा पाठलागच करीत आहे. आणि हा खेळ विशेषेंकरून केव्हां सुरू होतो? तर कुत्रा किंचित् दचकला असतां. उदाहरणार्थ, तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडांत धनी त्याच्या अंगावर एकदम उडी मारून आला असतां. हें वाचलें तेव्हां आम्हांस ती माघांतली दिवेलागण, ती आरतीची झांज आणि ढब्बूची आंत ओढलेली पाठ आठवली. दीडशें वर्षांपूर्वींच्या त्या इंग्रज पंडितानें जणूं आमच्याच चौकांत बसून टिपण केलें होतें!

पाठलाग करणारा कोणी नसतांना पाठलागाचा खेळ कां? याचें मूळ पाहावयास आमच्या भागांतील माणसाला दूर जावें लागत नाहीं. सुप्याचें मयूरेश्वर अभयारण्य, शिरसुफळचें माळरान, इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडीचा गवताळ मुलूख येथें चिंकारा हिंडतो, आणि त्याच माळावर लांडगाही राहतो. कुत्रा हा या लांडग्याच्या कुळांतला. माणसाच्या चुलीशीं येऊन त्याला निदान चौदा हजार वर्षें झालीं. लांडग्याचीं पिल्लें एकमेकांचा पाठलाग करतात, वळसे घेतात, चुकवितात, लोळवितात. शिकार करण्याची आणि संकटांतून निसटण्याची तालीम या खेळांतूनच होते. खेळाच्या आधीं तीं पुढचे पाय टेकून पाठीमागचा भाग वर करतात. या खुणेचा अर्थ, ‘आतां जें होईल तें खेळांतलें समजा.’ ढब्बूनें चौकांत जें केलें तें हेंच. त्यानें आम्हांला रीतसर नमस्कार करून खेळाचें आमंत्रण दिलें होतें, आणि आम्हीं काठी काढली!

आतां माईंच्या भीतीविषयीं दोन शब्द. ती भीती हांसण्यावारीं नेण्यासारखी नव्हती. आपल्या देशांत रेबीज हा रोग अजून माणसें मारतो, आणि लक्षणें दिसूं लागल्यावर त्यावर उपाय उरत नाहीं. म्हणून फरक नीट ओळखतां आला पाहिजे. खेळणारा कुत्रा हाक ओळखतो, माणसाला चुकवून धांवतो, थांबल्यावर पूर्ववत् होऊन पाणी पितो, शेपूट हालवितो. पिसाळलेल्या कुत्र्याचा स्वभावच पालटतो. तो अंधाऱ्या कोपऱ्यांत दडतो किंवा वाट फुटेल तिकडे जातो, कारण नसतां चावतो, आवाज घोगरा होतो, गिळतां येत नाहीं म्हणून लाळ गळते, जबडा लोंबतो, पाय लुळे पडतात. आणि लक्षणें दिसूं लागल्यापासून बहुधा दहा दिवसांच्या आंत तो मरतो. अपस्माराचा झटका हा आणखी निराळा. त्यांत कुत्रा आडवा पडतो, हाकेला ओ देत नाहीं, पाय झाडतो, पुष्कळदां तेथेंच लघवी होते. तशांत पशुवैद्यांकडे नेण्याखेरीज गत्यंतर नाहीं.

घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस टोंचावी व पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें नेमानें टोंचीत जावें. आणि कोणताही कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवून लगेच दवाखाना गांठावा. हळद, चुना, तिखट यांचे प्रयोग करूं नयेत, आणि ‘दहा दिवस कुत्र्याकडे लक्ष ठेवूं, मग पाहूं’ असें म्हणून इंजेक्शन लांबणीवर टाकूं नये. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते.

येथवर सारें गोडच आहे. आतां कडू भाग सांगतों.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पुतण्या सुट्टीस आला. दुपारचे चार वाजले असतील. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा मुलूख. कालव्याच्या पाण्यानें ऊंस हिरवा दिसला तरी वैशाखांतला पारा चाळिशी ओलांडतोच. चौकांतली शहाबादी फरशी तापलेली होती. पुतण्याचा आवाज ऐकतांच ढब्बूनें रिंगण धरलें. मुलें टाळ्या पिटूं लागलीं, “आणखी एक! आणखी एक!” पुतण्यानें मोबाईलवर चित्रण चालविलें. ढब्बू थांबे, मुलें त्याच्या मागें धांवत, तो पुन्हां सुटे. अखेर तो थांबला आणि आडवा झाला. त्याच्या श्वासाचा आवाज करवतीसारखा येत होता. “दमला आहे, पडूं द्या जरा,” असें म्हणणारा मीच. दहा मिनिटें अशीं फुकट गेलीं. मग वहिनींच्या लक्षांत आलें कीं त्याच्या हिरड्या जांभळ्या पडल्या आहेत आणि तो उठूं पाहतो, पण पाय लटपटून कोसळतो.

आम्ही सगळे नुसते बघत उभे राहिलों. हालल्या त्या माई. त्यांनीं आपल्या सोंवळ्याच्या पाण्याची भरलेली कळशी उचलली, सरळ चौकांत आल्या, आणि ती सगळी ढब्बूच्या अंगावर ओतली. “बघतां काय? पंखा आणा, आणखी पाणी आणा!” मग बादल्यांवर बादल्या झाल्या. गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवून त्याला पशुवैद्यांकडे नेलें, तेव्हां एवढें पाणी ओतून झाल्यावरही ताप १०५ अंश फॅरनहाइट भरला. कुत्र्याचा नेहमीचा ताप १०१ ते १०२॥ असतो. डॉक्टर म्हणाले, “पाणी ओतून आणलांत म्हणून हातीं लागला. कोरडा आणला असतां तर सांगतां आलें नसतें.” दोन रात्री त्याला सलाईनवर ठेवावें लागलें. त्या दोन रात्री माईंनीं झोपण्यापूर्वीं त्याची चौकशी केल्यावांचून दिवा मालविला नाहीं.

यांत बुलडॉगच्या जातीची मोठी शोकांतिका आहे. इंग्लंडांत बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा एक क्रूर खेळ होता. त्यासाठीं ही जात निपजविली गेली. १८३५ सालीं कायद्यानें तो खेळ बंद झाला. पुढें हौशी लोकांनीं प्रदर्शनासाठीं ही जात राखली, आणि तोंड जितकें चपटें तितकें चांगलें अशी आवड वाढत गेली. तोंडाचें हाड आंखूड झालें, पण आंतलें मांस तितकें कमी झालें नाहीं. त्यामुळें नाकपुड्या चिंचोळ्या, टाळूचा मऊ पडदा लांब होऊन घशांत लोंबणारा, श्वासनळी अरुंद. ढब्बूच्या ज्या घोरण्याला आम्ही हांसत असूं, तें त्याच्या श्वासाचें कुंथणें होतें. त्यांत कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाहीं. धापा टाकून, नाकातोंडांतील ओलावा उडवूनच तो अंग थंड करतो. ज्याचें नाकच अरुंद, त्यानें धापा तरी कशा टाकाव्या? म्हणजे धांवण्याची हौस लांडग्याची, आणि श्वास मात्र माणसाच्या हौसेनें अर्धा केलेला!

ब्रिटनमधील नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या दवाखान्यांतील नोंदी तपासून २०२० सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत लॅब्रेडॉरच्या मानानें बुलडॉगला उष्माघाताचा धोका सुमारें चौदा पटींनीं अधिक आढळला, आणि उष्माघात झालेल्या कुत्र्यांपैकीं सातांत एक दगावला. याच संशोधकांना असेंही दिसलें कीं सुमारें तीनचतुर्थांश वेळां निमित्त झालें तें बंद मोटारीचें नव्हे, तर धांवण्याखेळण्याचें. आणि हें थंड हवेच्या विलायतेंत! नॉर्वेंत तर २०२२ सालीं ओस्लोच्या न्यायालयानें या जातीची पैदास प्राणिकल्याणाच्या कायद्याविरुद्ध ठरविली होती. वरिष्ठ न्यायालयानें बुलडॉगपुरता तो निर्णय पुढें फिरविला, पण प्रश्न मिटला नाहीं. आमच्या उन्हाच्या मुलखांत ही जात आणण्यापूर्वीं सुज्ञ कुटुंबांनीं पुनः पुन्हां विचार करावा. कुत्रा पाळावयाचाच तर आपल्या हवेंत वाढलेला, लांब नाकाचा देशी कुत्रा कोणत्याही दृष्टीनें उणा नाहीं. धनगरांच्या वाड्यावर मेंढरें राखणारे कुत्रे पाहा. त्यांना एप्रिल-मे बाधत नाहीं असें नव्हे, पण श्वासासाठीं झगडावें लागत नाहीं.

ज्यांच्या घरीं असा पाहुणा आलेलाच आहे, त्यांच्यासाठीं आमच्या अनुभवाचीं चार सूत्रें देतों. उन्हाळ्यांत फिरणें व खेळणें सूर्योदयापूर्वीं किंवा चांगला अंधार पडल्यावरच. रिंगण सुरू झालें तर पाठलाग करूं नये, टाळ्या पिटूं नयेत, ओरडूं नये. स्वस्थ उभें राहून एकदोन मिनिटें जाऊं द्यावीं. आपण मागें धांवलों कीं त्याला तें उत्तेजनच होतें. वृद्ध मंडळींनीं त्या वेळीं भिंतीशीं किंवा झोपाळ्यावर बसावें, लहान मुलांना उचलून घ्यावें. वीस-पंचवीस किलोंचा हा गोळा गुडघ्यावर आदळला तर हाड मोडावयास वेळ लागत नाहीं. गुळगुळीत फरशीवर तरट किंवा सतरंजी घालावी. रोज थोडें फिरणें आणि माणसांची सोबत मिळाली तर रिंगणाचा जोरही आपोआप बेताचा राहतो. कुत्र्याला लठ्ठ होऊं देऊं नये. लठ्ठपणानें श्वास आणखी कोंडतो.

आणि श्वास करवतीसारखा वाजूं लागला, हिरड्या जांभळ्या किंवा गडद लाल झाल्या, लाळ दाट झाली, पाय लटपटले, तर वाट पाहूं नये. सांवलींत घ्यावें, अंगावर साधें गार पाणी भरपूर ओतावें, पंखा लावावा, आणि मग दवाखान्याकडे निघावें. आधीं गारवा, मग प्रवास. ओलें फडकें अंगावर पांघरून ठेवूं नये, त्यानें उष्णता आंत कोंडते. तोंडांत बळेंच पाणी घालूं नये.

ढब्बू आतां बरा आहे. शस्त्रक्रिया करून त्याच्या नाकपुड्या रुंद करावयाच्या असें डॉक्टरांच्या सल्ल्यानें ठरलें आहे; खर्च पुतण्या सोसणार आहे, आणि तें योग्यच आहे. दादांची काठी दाराआडून माळ्यावर गेली. माईंनीं वलणी हातभर उंच बांधून घेतली आहे. संध्याकाळीं अंग पुसून झालें कीं त्या स्वतःच म्हणतात, “सरा रे सगळे बाजूला, त्याचें रिंगण व्हायचें आहे.” मग सगळीं कडेला उभीं राहतात. दोन मिनिटें चौक त्याचा असतो.

पुतणीला मीं उत्तर दिलें तें असें: “बाळ, त्याला रिंगण कोणीं शिकविलें नाहीं, तें तो जन्मतःच घेऊन आला आहे. शिकावयाचें आहे तें आपल्याला, कीं रिंगणाच्या वेळीं बाजूला कसें उभें राहावें.” ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “म्हणजे बेलवाडीला लोक उभे राहतात तसें?”

अगदीं तसेंच.